कर्मवीर भाऊराव पाटील : खेड्यातील पोरांचे अण्णा

गावात शाळा निघाली म्हणजे गरिबाच्या मुलाला शिक्षण मिळाले, असे पुष्कळांना वाटते. शंभर वर्षांपूर्वीचा सातारा जिल्हा डोळ्यांपुढे आणा. गावात शाळा असलीच तर फार तर चौथीपर्यंतची. पुढे शिकायचे तर तालुक्याला किंवा जिल्ह्याच्या गावी जावे लागे. तेथे हायस्कूल होते, मास्तर होते, फळा होता. पण पोराने रात्री निजायचे कोठे आणि दोन वेळा खायचे काय? ब्राह्मणाचा गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे धरली की त्याचा आठवडा निघे. कुणब्याच्या पोराला असे वार कोण देणार? आणि महाराच्या, मांगाच्या, चांभाराच्या पोराचे तर विचारूच नका. त्याला गावात खोली नाही, खाणावळीत ताट नाही, पाणवठ्यावर पाणी नाही. त्याची शाळा गावच्या चौथीलाच संपायची, आणि तीही बहुधा वर्गाबाहेर, पायरीशी बसून झालेली.

ही अडचण ज्याने नेमकी ओळखली असा माणूस म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. त्यांच्या आयुष्याचा क्रम पाहिला तर एक गोष्ट लगेच ध्यानात येते. त्यांनी वसतिगृहे काढली १९१९ सालापासून. शिक्षक तयार करण्याचे विद्यालय काढले १९३५ साली आणि मोठे हायस्कूल १९४० साली. म्हणजे आधी चूल पेटवली आणि मग फळा टांगला. आपल्या मुलांना शिकवण्यासाठी ज्या घरांनी पोटाला चिमटा घेतला आहे, त्यांना या क्रमाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

भाऊरावांचा जन्म दि. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज या गावी झाला. कुंभोज कोल्हापूर जिल्ह्यात, हातकणंगले तालुक्यात आहे. याच तालुक्यातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली आणि शाहू महाराज तेथे जातीने आले, हे आपल्या वाचकांना ठाऊक आहेच. भाऊरावांचे घराणे जैन. मूळ गाव आताच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत कारकून होते, त्यामुळे बदलीच्या गावी बिऱ्हाड हलत असे. आई गंगाबाई. घर सोवळ्याओवळ्याचे, पण मुलगा मात्र पहिल्यापासून बंडखोर. कुंभोजच्या रानात त्या काळी सत्याप्पा भोसले नावाचा एक फरारी बंडखोर वावरत असे. गोरगरिबांना छळणाऱ्यांना तो धडा शिकवी, असा त्याचा लौकिक होता. लहान भाऊ त्याच्या अंगाखांद्यावर खेळला. पुढे भाऊरावांनी हाती शस्त्र धरले नाही, पण सत्याप्पाचा पीळ त्यांच्यात राहिला.

त्यांच्या बालपणीची एक गोष्ट सांगितली जाते. एका विहिरीवर अस्पृश्यांना पाणी भरू देत नव्हते. उन्हातान्हात बायाबापड्या घागरी घेऊन ताटकळत उभ्या होत्या आणि कोणी वरून पाणी वाढील का याची वाट पाहत होत्या. भाऊरावांनी त्या विहिरीचा रहाटच मोडला आणि आत टाकून दिला. जे पाणी सर्वांना नाही ते कोणालाच नको, असा त्या पोराचा हिशेब. हा हिशेब पोरकट खरा, पण त्यामागची चीड पोरकट नव्हती.

हायस्कूलच्या शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला गेले आणि जैन बोर्डिंगात राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्या काळी कोल्हापुरात वसतिगृहांची रांगच उभी केली होती. मराठ्यांचे निराळे, जैनांचे निराळे, मुसलमानांचे निराळे, लिंगायतांचे निराळे. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघाले. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचे नाव त्याला दिले होते. उद्घाटनाच्या समारंभाला भाऊराव हौसेने गेले. परत आल्यावर बोर्डिंगच्या रीतीप्रमाणे त्यांनी अंघोळ करून मगच भोजनगृहात पाऊल टाकावे, असे त्यांना सांगण्यात आले. अस्पृश्यांच्या सभेत बसल्याने विटाळ झाला होता ना! भाऊरावांनी अंघोळ करण्याचे नाकारले. बोर्डिंगचे चालक अण्णासाहेब लठ्ठे हे स्वतः विद्वान आणि सुधारणेचा पुरस्कार करणारे गृहस्थ. पण नियम तो नियम. भाऊरावांना बोर्डिंग सोडावे लागले.

एक बादली पाणी अंगावर घेतले असते तर त्यांचे काहीच बिघडले नसते. शरीर स्वच्छ करण्याला त्यांचा नकार नव्हता. एका माणसाजवळ बसल्याने दुसरा माणूस घाण होतो, ही गोष्ट आपल्या अंगाने कबूल करायची नाही, एवढाच त्यांचा हट्ट होता. मॅट्रिकपर्यंत त्यांची मजल गेली नाही ती नाहीच. विद्येचे एवढे मोठे झाड लावणारा माणूस स्वतः जेमतेम इंग्रजी काही इयत्ता शिकलेला होता. परीक्षेत हुशार नसलेल्या मुलांच्या आईबापांनी हे ध्यानात ठेवावे.

बोर्डिंग सुटल्यावर शाहू महाराजांच्या आश्रयाने त्यांचे कोल्हापुरातले दिवस गेले. महाराजांचे काम त्यांनी जवळून पाहिले. महात्मा फुल्यांचा सत्यशोधक विचार त्यांच्या मनात रुजला तो याच काळात. पण महाराजांच्या वसतिगृहांतून त्यांनी आणखी एक गोष्ट हेरली असली पाहिजे. जातवार वसतिगृह काढले की प्रत्येक जातीचा मुलगा शिकतो खरा, पण प्रत्येक जण आपल्याच जातीच्या चुलीवरचे खाऊन शिकतो. महाराजांच्या काळी तसे केल्यावाचून गत्यंतरच नव्हते. एकत्र जेवायचे म्हटले असते तर सवर्ण पालकांनी मुलेच पाठवली नसती. महाराजांनी वाट केली आणि तिच्या पुढच्या टप्प्यावर भाऊराव गेले.

१९१४ साली कोल्हापुरात बादशाही पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण उद्भवले. त्यात लठ्ठे यांना गुंतवण्याचा डाव होता, आणि त्यासाठी भाऊरावांची खोटी साक्ष हवी होती. ज्या लठ्ठ्यांनी आपल्याला बोर्डिंगातून बाहेर काढले, त्यांच्यावर सूड उगवण्याची ही चांगली संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. त्यांना कोठडीत डांबले, त्यांचा छळ केला. तो सोसवेना तेव्हा त्यांनी जीव देण्याचाही प्रयत्न केला, पण खोटे बोलले नाहीत. आपल्याशी अन्यायाने वागलेल्या माणसाविषयीही खोटे बोलायचे नाही, हे व्रत फार थोड्यांना झेपते.

पोटासाठी त्यांनी अनेक उद्योग केले. साताऱ्यात ते शिकवण्या करीत, तेव्हा लोक त्यांना पाटील मास्तर म्हणत. पुढे ओगल्यांच्या काचकारखान्याचे कंदील आणि किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत ते खेडोपाडी हिंडले. सातारा रोडला कूपर यांच्या कारखान्याच्या उभारणीतही त्यांचा हात होता, पण पुढे मतभेद होऊन ते बाहेर पडले. या फिरतीचा त्यांना जो उपयोग झाला तो कमिशनापेक्षा मोठा होता. नांगर विकणारा माणूस शेतकऱ्याच्या ओसरीवर बसतो. त्याचे कर्ज किती, सावकाराने कागदावर काय लिहून घेतले आणि अंगठा उठवणाऱ्याला ते का कळले नाही, हे सगळे त्याला कळते. लोखंडी नांगराने जमीन खोल नांगरली जाईल, पण धन्याला खत वाचता आले नाही तर पीक सावकाराच्याच घरी जाणार, हे भाऊराव समजून चुकले.

याच सुमाराची आपल्या दृष्टीने फार मोलाची एक घटना आहे. ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप हा महार समाजातील हुशार मुलगा. शाळेच्या बाहेर बसून तो शिकत होता, असे सांगतात. भाऊरावांनी त्याचा हात धरला, त्याला कोल्हापूरला नेले आणि मिस क्लार्क होस्टेलमध्ये दाखल केले. ज्या होस्टेलच्या उद्घाटनाला गेल्याबद्दल स्वतःला घर सोडावे लागले, त्याच होस्टेलात त्यांनी या मुलाला पोचवले. पुढे हेच घोलप बाबासाहेबांच्या पहिल्या पत्राचे, ‘मूकनायका’चे संपादक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी निघालेल्या या पाक्षिकाचे पहिले संपादक पांडुरंग नंदराम भटकर. बाबासाहेब पुढील शिक्षणासाठी विलायतेला गेल्यानंतर त्याची धुरा घोलपांकडे आली. मुंबई कायदे कौन्सिलातही अस्पृश्यांचे सरकारनियुक्त सभासद म्हणून ते बसले. पायरीशी बसणारे एक पोर वेळेवर उचलले गेले म्हणून मुक्या समाजाच्या पत्राला एक संपादक मिळाला. अशी किती पोरे पायरीवरच राहिली असतील, त्याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

१९१९ साली कराड तालुक्यातील काले या गावी सत्यशोधक समाजाची परिषद भरली आणि दि. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊरावांनी तेथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. नावातच सारे आले. रयत म्हणजे कष्टकरी प्रजा. एखाद्या देवाचे, राजाचे किंवा धनिकाचे नाव त्यांनी संस्थेला दिले नाही. बोधचिन्ह म्हणून वडाचे झाड घेतले. आरंभीची वसतिगृहे काले, नेर्ले अशा खेड्यांत निघाली. १९२४ साली संस्था साताऱ्याला आली आणि तेथे सर्व जातीधर्मांच्या मुलांसाठी एकच वसतिगृह सुरू झाले.

सातारा म्हटले की आपले मन आणखी मागे जाते. याच गावात बाबासाहेबांच्या मातोश्री भीमाबाई यांचे निधन झाले. याच गावच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी लहान भीमरावाचे नाव दाखल झाले. वर्गात गोणपाटाच्या तुकड्यावर निराळे बसायचे आणि पाणी कोणी वरून ओतले तर प्यायचे, असे ते दिवस होते. त्यानंतर २४ वर्षांनी त्याच साताऱ्यात महार, मांग, चांभार, मराठा, जैन, मुसलमान अशी सगळी मुले एका पंगतीला बसून एकाच भांड्यातले पाणी पिऊ लागली. समाज बदलला होता म्हणून हे घडले असे समजू नका, कारण समाज होता तिथेच होता. बदलले होते फक्त एक घर, आणि त्या घराविरुद्ध गावात कुजबुज चालूच होती.

दि. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधी साताऱ्यात आले असता त्यांच्या हस्ते या वसतिगृहाचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहतात, जेवतात, हे पाहून गांधीजींनाही कौतुक वाटले. पुढे त्यांच्याकडून वसतिगृहाला वार्षिक मदतही मिळू लागली. भाऊराव गांधीजींना फार मानत. खादी, काठी आणि भरघोस दाढी हा त्यांचा वेष सगळ्यांच्या परिचयाचा झाला. गांधीजींविषयी आपले मत निराळे असेल, आणि ते का आहे हे आपण जाणतो. परंतु भाऊरावांनी त्या मार्गाने जाऊन काय केले, ते मात्र निर्मळपणे पाहिले पाहिजे.

आता त्या घराच्या चुलीपाशी जाऊ.

चुलीपाशी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई होत्या. त्या कुंभोजच्याच, सधन पाटील घराण्यातल्या लेक. लग्नात अंगभर सोने घेऊन आल्या होत्या. सोवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या बाईला, नवऱ्याने महारामांगांची पोरे घरात आणून बसवली तेव्हा ते एका दिवसात पचले असेल असे मानण्याचे कारण नाही. आपल्या मनातली शिवाशिव काढून टाकणे हे भाषण ऐकण्याइतके सोपे काम नसते. पण त्यांनी ती काढली. परक्या पोरांची आजारपणे काढली, त्यांची डोकी विंचरली, भाकरी थापल्या. आणि धान्य संपत आले की एकेक दागिना मोडायला दिला. भाऊराव सदा फिरतीवर. वर्गणीचा नेम नाही. पोरे तर दोन वेळा जेवायला हवीत. एकदा ऐन सणाच्या तोंडावर कोठीत दाणा नव्हता आणि भाऊराव बाहेरगावी होते. लक्ष्मीबाईंनी गळ्यातले मंगळसूत्र काढून दिले आणि पोरांना जेवू घातले.

त्या काळी नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवणे म्हणजे काय, हे आपल्या आजीला विचारा. दागिना गेल्याचे दुःख एका परीचे, आणि शेजारणींच्या नजरा दुसऱ्या परीच्या. लक्ष्मीबाईंनी दोन्ही सोसले. १९३० साली त्यांचे निधन झाले. संस्थेला पुढे जे यश आले, त्यातले काहीच त्यांच्या दृष्टीस पडले नाही. कर्मवीर ही पदवी लोकांनी भाऊरावांना दिली. लक्ष्मीबाईंना कोणती पदवी द्यायची होती, ते लोकांना त्या वेळी सुचले नाही. या लेखात त्यांची माहिती थोडी आली, कारण अशा बायांची माहिती फारशी कोणी लिहूनच ठेवत नाही.

वसतिगृहाचा खर्च चाले तो गावोगावच्या मदतीवर. घरटी मूठभर धान्य गोळा करायचे, त्याला मुष्टिफंड म्हणत. श्रीमंताच्या थैलीची वाट पाहत बसले तर थैली कधी आवळेल याचा भरवसा नसतो. मुठीचे तसे नाही. एका घराने हात आखडला तरी दुसरे घर देते. शिवाय ज्या बाईने मूठ दिली, तिला ते वसतिगृह आपले वाटू लागते. मुले स्वतः स्वयंपाक करीत, भांडी घासत, झाडलोट करीत, शेतात राबत. साताऱ्याच्या चार भिंतीच्या परिसरातील खडकाळ माळ मुलांनी फोडून शेतीखाली आणला. कमवा आणि शिका ही योजना म्हणून पुढे जी प्रसिद्धीस आली, ती अशी कुदळ मारून सुरू झालेली आहे.

येथे आपल्या वाचकांच्या मनात एक शंका येईल, आणि ती योग्य आहे. आमच्या पोरांना कष्ट शिकवायला कोणी कशाला हवे? पिढ्यान्पिढ्या आमच्या वाडवडिलांनी गावकीची कामे फुकट उपसली, वेठ केली, मेलेली ढोरे ओढली. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध जो झगडा केला तो या फुकट कष्टांतून सुटण्यासाठीच. मग पुन्हा कुदळ हाती कशाला? शंका खरी, पण साताऱ्याच्या माळावरचा देखावा नीट पाहा. तेथे पाटलाचे पोर आणि महाराचे पोर एकाच दगडाला पहार लावत होते. घाम दोघांचा, पीक दोघांचे, आणि संध्याकाळी पुस्तक दोघांच्या पुढे. जातीने नेमून दिलेले काम आणि सर्वांनी वाटून घेतलेले काम यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्याने मान खाली जाते. दुसऱ्याने मुलाला असे वाटते की मी कोणाच्या दयेवर जेवत नाही, मी माझे शिक्षण स्वतः मिळवतो आहे. भाऊरावांनी गरीब मुलाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच, असे मला वाटते. पाटलाच्या पोराला मात्र त्यांनी याहून निराळे काही शिकवले. आपल्या बापाच्या वाड्यात ज्या हाताचे पाणी चालत नाही, त्या हाताने वाढलेली आमटी त्याने मुकाट्याने खाल्ली.

१९३२ साली पुणे करार झाला. त्याविषयी आपल्या समाजाच्या मनात जो सल आहे तो येथे उगाळत नाही. करारावर सह्या करून आणि भाषणे करून मोकळे झालेले पुढारी पुष्कळ होते. भाऊरावांनी त्या वर्षी कराराची आठवण म्हणून पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस उघडले. स्पृश्य आणि अस्पृश्य मुलांनी एका छपराखाली राहायचे, म्हणून युनियन. करार कागदावर राहू नये असे वाटणाऱ्या सवर्णांनी काय करायला हवे होते, त्याचा हा एक नमुना. असे नमुने गावोगाव निघाले असते तर पुढची कटुता काही अंशी टळली असती. ते निघाले नाहीत.

१९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झाले. खेड्यातल्या मुलातूनच खेड्याचा मास्तर घडवायचा, हा त्यामागील हेतू. शहरातून आलेला मास्तर शनिवारची वाट पाहत असतो. खेड्यातला मास्तर मात्र तेथेच राहतो. १९३७ नंतर भाऊरावांनी व्हॉलंटरी शाळांचा धडाका लावला. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या डोंगरापासून आरंभ झाला आणि सरकारची शाळा जेथे कधी पोचली नव्हती अशा डोंगरकपारीच्या वाड्यावस्त्यांवर शाळा निघू लागल्या. इमारत नाही, बाके नाहीत. कोठे चावडीत, कोठे धर्मशाळेत, कोठे झाडाखाली वर्ग भरे. मास्तरला पगार तुटपुंजा. गावाने दिलेल्या भाकरीवर त्याने राहायचे. अशा ५७८ शाळा संस्थेने चालवल्या. पुढे मराठी शाळांचा भार सरकारने आणि स्कूल बोर्डांनी उचलला, तेव्हा डोंगरातल्या पोरांना अक्षराची चव आधीच लागलेली होती.

१९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल निघाले. येथे फी नव्हती. मुलांनी श्रम करायचे आणि शिकायचे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे आदल्याच वर्षी निधन झाले होते. १९१३ साली तरुण भीमरावाला शिष्यवृत्ती देऊन अमेरिकेला पाठवणारे ते हेच सयाजीराव. जून १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेही याच तत्त्वावर. एक धनिक मोठी देणगी देऊन कॉलेजला दुसरे नाव सुचवायला आला, तेव्हा भाऊरावांनी त्याला रकमेसह परत पाठवले, अशी आठवण सांगतात. पैशाची गरज तर रोजची होती. तरीही नाव विकायचे नाही हे ठरलेले. १९५४ साली कराडला सद्गुरु गाडगे महाराज कॉलेज निघाले.

गाडगेबाबांचे नाव असे सहज आलेले नाही. गांधीजींच्या हत्येनंतरच्या काळात मुंबई सरकारने रयत शिक्षण संस्थेचे अनुदान बंद केले. भाऊरावांनी जाहीर भाषणात सरकारवर टीका केली, हे त्याचे निमित्त. शेकडो मास्तरांचे पगार थकले, वसतिगृहांच्या चुली मंदावल्या. पण मास्तर शाळा सोडून गेले नाहीत. अशा वेळी गाडगेबाबांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे संस्थेची रदबदली केली आणि अनुदान पुन्हा सुरू झाले. हातात खराटा घेऊन गावे झाडणारा, स्वतः शाळेत न गेलेला एक संत दुसऱ्या अर्धशिक्षित माणसाच्या शाळा वाचवतो, हा योग मोठा विलक्षण आहे. बाबासाहेबांनाही गाडगेबाबांविषयी फार आदर होता आणि बाबांनी पंढरपूरचे आपले वसतिगृह बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेच्या हवाली केले, हे येथे आठवते.

भाऊरावांच्या वसतिगृहांतून कोण कोण बाहेर पडले? मास्तर झाले, मामलेदार झाले, वकील-डॉक्टर झाले. पी. जी. पाटील हा त्यांच्या वसतिगृहातला विद्यार्थी विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला, परत संस्थेत आला आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचा कुलगुरू झाला. परंतु थोरामोठ्यांची नावे मोजून या कामाचे माप निघणार नाही. जो मुलगा सातवी होऊन गावी परतला, ज्याने बापाच्या कर्जाचा कागद प्रथमच वाचून पाहिला आणि सावकाराला व्याजाचा हिशेब विचारला, त्याचे नाव कोठेच छापले गेले नाही. खेड्यातली गरिबी कमी झाली ती बरीचशी अशा नाव नसलेल्या पोरांमुळे. आणि एकदा एका ताटात जेवलेला मराठ्याचा पोर गावी परतल्यावर आपल्या आईला काय सांगत असेल? कोणी सांगितले असेल, कोणी भीतीने गप्प बसला असेल. गावी परतल्यावर पुन्हा जुन्या पंगतीत बसणारेही निघालेच. वसतिगृहाने मुलगा बदलतो, पण त्याचे गाव लगेच बदलत नाही. अण्णांच्या कामाची ही मर्यादा आपण झाकून ठेवू नये. जात मोडायला एक पंगत पुरेशी नाही हे बाबासाहेबांनी फार आधी ओळखले होते. पण ज्या अस्पृश्य मुलाने आयुष्याची पाच-सहा वर्षे मान वर करून जेवण केले, त्याला पुन्हा गावाबाहेरच्या पायरीवर बसवणे गावाला जड गेले, हेही तितकेच खरे आहे.

जानेवारी १९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण हा किताब दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट्. ही सन्मान्य पदवी दिली. एका बादली पाण्यावरून ज्याचे बोर्डिंग सुटले आणि मॅट्रिक ज्याच्या नशिबी आली नाही, त्याला विद्यापीठाने डॉक्टर केले. तेव्हा ते अंथरुणाला खिळलेले होते. दि. ९ मे १९५९ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेची शंभरावर माध्यमिक विद्यालये, ३८ वसतिगृहे आणि ३ महाविद्यालये उभी राहिली होती. त्यांचा देह साताऱ्यास नेण्यात आला आणि वसतिगृहाच्याच परिसरात त्यांची समाधी बांधली गेली. ज्या मुलांना त्यांनी जेवू घातले, ती तोपर्यंत बापे झाली होती. बातमी कळताच त्यांतली कितीतरी जण हातातले काम टाकून, मिळेल त्या वाहनाने साताऱ्याची वाट चालू लागली.